तापातली नाडी आणि क्यूटीचे गणित

ईसीजीच्या पट्टीवर क्यू लहर सुरू झाल्यापासून टी लहर संपेपर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी. हृदयाचे खालचे कप्पे विजेने चेतून पुन्हा पूर्ववत व्हायला एवढा वेळ लागतो. ठोके जलद पडू लागले की हा काळ आखडतो, संथ झाले की लांबतो. म्हणून नाडीचा वेग वेगळा असलेल्या दोन नोंदी थेट ताडून पाहता येत नाहीत. दोन्ही आधी मिनिटाला ६० ठोक्यांच्या मापावर आणाव्या लागतात. या दुरुस्त आकड्याला क्यूटीसी म्हणतात.

त्यासाठी १९२० साली दोन सूत्रे आली. दोन ठोक्यांमधले अंतर सेकंदांत घेऊन हेन्री बॅझेट यांनी क्यूटीला त्याच्या वर्गमुळाने भागले, तर डेन्मार्कच्या लुई फ्रिडेरिशिया यांनी घनमुळाने. बॅझेट यांच्या हाताशी अवघ्या ३९ जणांच्या नोंदी होत्या, तरी सोपे म्हणून त्यांचेच सूत्र रुळले. बहुतेक यंत्रे आजही तोच आकडा छापतात.

विदर्भातल्या मूल, सावली, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात या दोन सूत्रांतला फरक कागदावरचा राहत नाही, कारण इथे हिवताप आहे. तापाने फणफणलेल्या रुग्णाची नाडी १२० धरू. पट्टीवर ठोक्यांमधले अंतर साडेबारा लहान चौकोन, म्हणजे अर्धा सेकंद; क्यूटी साडेआठ चौकोन, म्हणजे ३४० मिलिसेकंद. बॅझेटने उत्तर येते ४८१, फ्रिडेरिशियाने ४२८. पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० ही वरची मर्यादा मानतात. ५००च्या पुढे ठोक्यांची घातक लय सुरू होण्याची भीती वाढते. रुग्ण एकच, पट्टी एकच. एका सूत्राने तो धोक्याच्या उंबरठ्यावर, दुसऱ्याने सुखरूप.

हिवतापावरची क्लोरोक्विन आणि क्विनाइन ही औषधे स्वतःच क्यूटी लांबवतात. उलटी थांबवायला सर्रास दिले जाणारे ऑन्डान्सेट्रॉनही तेच करते, आणि उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरले की त्यात भर पडते. बॅझेटचा फुगलेला आकडा पाहून गरजेचे औषध रोखले जाऊ शकते. याच्या उलट घडते ते अधिक फसवे. ताप उतरतो, नाडी ८०वर येते आणि बॅझेटचा फुगवटा आपोआप ओसरतो. त्याच वेळी औषधाने खरोखर वाढवलेला क्यूटी त्या घसरणीआड लपून जातो. दुरुस्तीच केली नाही, तर नुसती नाडी मंदावल्याने लांबलेल्या क्यूटीचा दोष औषधाच्या माथी येतो.

घनमुळाचे सूत्रही निर्दोष नाही, पण तापात तेच जवळचे. बेडाक्विलिनसारख्या क्षयरोगाच्या औषधावर लक्ष ठेवतानाही तेच वापरतात. मात्र टी लहरीचा शेवट चुकीचा धरला तर कोणतेही सूत्र कामाचे नाही. ईसीजीच्या दोन क्रमांकाच्या लीडमध्ये तीन-चार ठोके हाताने मोजून सरासरी घ्यावी. केसपेपरवर क्यूटीसी लिहिताना शेजारी नाडीचा वेग आणि सूत्राचे नाव लिहावे, आणि पुढची नोंदही त्याच सूत्राने करावी.