एकाच मेंदूचीं अनेक चित्रें

पावसाळ्यांत कारध्याच्या पुलापाशीं वैनगंगेची पातळी वारंवार मोजतात. दहा वाजतां जी नदी, तीच अकरा वाजतां. मापें चोवीस झालीं म्हणून नद्या चोवीस होत नाहींत!

मेंदूचीं चुंबकीय चित्रें घेणाऱ्यासही हेंच भान हवें. वीस रोग्यांचीं पांच-पांच चित्रें घेतलीं, तरी साक्षीदार वीसच. औषध घेणारे व न घेणारे असे गट ताडून पाहतांना शंभर साक्षीदार धरले, तर निवळ योगायोगही गुण भासतो.

उलट चूकही घडते. 'स्टुडंट' या टोपणनांवाच्या गॉसेटनें 1908 सालीं दहा रोग्यांच्या झोपेचीं मापें उदाहरणादाखल घेतलीं. प्रत्येकास दोन्ही औषधें दिलेलीं. सरासरी फरक 1.58 तासांचा. आजच्या रीतीनें हे दोन निराळे गट मानले, तर 'टी' येतो 1.86, निर्णय लागत नाहीं, आणि कामाचें औषध हातचें जातें. तेंच रोग्यागणिक वजाबाकी करून जोडीची कसोटी लावा, 'टी' 4.06 येतो. माणसामाणसांतला उपजत भेद त्या वजाबाकींतच गळून जातो.

चित्रें दोनांहून अधिक वेळां घेतलीं असल्यास पुनर्मापनाचें प्रचरण-विश्लेषण करतात. मात्र कोणत्याही दोन वेळांमधील फरकांचें विखुरलेपण तें सारखेंच धरतें. आठवड्याच्या अंतरानें घेतलेलीं चित्रें वर्षाच्या अंतरानें घेतलेल्यांहून एकमेकांस अधिक मिळतीं असतात; तेव्हां ग्रीनहाउस-गाइसर दुरुस्ती करावी लागते. आणि रोगी तिसऱ्या खेपेस फिरकलाच नाहीं, तर त्याचें नांव खोडूं नये. मिश्र प्रतिमान त्याचीं उरलेलीं दोन चित्रेंही कामीं लावतें.