नाव पंचमचं, हात कोणाचे? टीमचा वाटा मोजायचा कसा



'शोले'मधलं हेलनवर चित्रित झालेलं गाणं आठवतंय? त्यात एक घुमणारा, फुंकरीसारखा आवाज येतो. तो कुठल्या महागड्या वाद्याचा नाहीये. अर्धवट भरलेल्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून काढलाय. 'यादों की बारात'मध्ये ग्लासवर चमचा वाजतो. 'जमाने को दिखाना है'मध्ये ट्रेनच्या लयीसाठी सँडपेपर घासलाय. 'सत्ते पे सत्ता'त ती धडकी भरवणारी गुळण्यांची खळखळ आहे ना, ती आनेट पिंटो नावाच्या गायिकेच्या घशातून आलीय. आणि 'शोले'मध्ये अमिताभ वाजवतो तो माऊथऑर्गन प्रत्यक्षात भानू गुप्तांनी वाजवलाय.

आता मला सांगा, हे सगळं आपण कोणाच्या नावावर जमा करतो? आर. डी. बर्मनच्या. पंचमच्या. मग बाकीचे लोक कोण होते, नुसते पगारी?

मागच्या व्हिडिओत 'माणसं टिकवायची कशी' यावर बोलताना मी पंचमचं उदाहरण घाईघाईत दिलं होतं. दहा मिनिटांत ते मावलं नाही, म्हणून इथे जरा निवांत लिहितो. तुम्ही दुकान टाकणार असाल, घरगुती उद्योग सुरू करणार असाल, तर पहिला माणूस कामाला ठेवला की त्याच दिवशी हा विषय तुमच्या घरात येणार आहे.

तीन नावं

पंचमच्या टीममधली तीन नावं आधी पाठ करा. बासुदेव चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि मारुतीराव कीर. बासूदा चेलो वाजवायचे आणि अरेंजिंग बघायचे. अरेंजिंग म्हणजे काय, तर चाल ठरली की मागे व्हायोलिन कुठे येणार, ब्रास कुठे, मधल्या जागेत काय भरायचं, ते बसवणं. मनोहारी सॅक्सोफोनचे बादशहा. आणि मारुतीराव आपले मराठी माणूस, तबला आणि एकूण ऱ्हिदमचा सगळा कारभार त्यांच्याकडे. एस. डी. बर्मन यांच्या काळापासून ते त्या घरात रुळलेले. सिनेमाच्या नामावलीत सहाय्यक म्हणून ही तिन्ही नावं एकत्र यायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांच्याभोवती आणखी एक वर्तुळ होतं. कर्सी लॉर्ड कीबोर्ड आणि अकॉर्डियनवर, फ्रँको वाझ ड्रम्सवर, होमी मुल्लान पर्कशनवर. अमृतराव काटकर रेसो-रेसो वाजवायचे. खाचांवर काडी घासली की 'खर्र खर्र' वाजतं ते. दिसायला अगदी किरकोळ वस्तू, पण पंचमच्या गाण्यातून ती खरखर काढून टाका आणि ऐका, गाणं चालता चालता लंगडायला लागेल.

आणि रणजित गझमेर. हे मला सगळ्यात आवडतं उदाहरण. हा माणूस दार्जिलिंगकडचा, मादल वाजवणारा. मादल म्हणजे नेपाळी, दोन तोंडांचा छोटा ढोल, हाताने वाजवायचा. 1971 च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये नेपाळी बाजाचं गाणं होतं, तिथे तो मादल वाजला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, झालं काम, हे घ्या पैसे, नमस्कार. पंचमने त्याला ठेवून घेतलं. मग ज्या गाण्यांचा नेपाळशी काडीचा संबंध नाही, त्यांतही मादल वाजू लागला आणि तो 'पंचम साऊंड'चा भाग होऊन गेला. सगळे त्यांना 'कांचा' म्हणायचे. पुढे त्यांनी नेपाळी सिनेमांना स्वतः संगीत दिलं.

बघा काय झालं इथे. मादल पंचमने शोधून काढला नाही, तो कांचांबरोबर आला. पण तो एका गाण्यापुरता न ठेवता कायमचा घ्यायचा, हा निर्णय पंचमचा. आता यात कोणाचा वाटा किती टक्के? सांगा बरं.

मग पंचमने काय केलं?

क्लासमध्ये हे सांगितलं की लगेच एक पार्टी तयार होते. "म्हणजे सगळं टीमनेच केलं, नाव मात्र एकाचं!" थांबा. हिशोब दोन्ही बाजूंनी मांडायचा असतो.

पहिली गोष्ट. हीच माणसं दुसऱ्यांकडेही वाजवत होती. हिंदी सिनेमाचे वादक शिफ्टवर काम करायचे, सकाळी एका स्टुडिओत, संध्याकाळी दुसऱ्या. 1964 च्या 'काश्मीर की कली'मध्ये ओ. पी. नय्यर यांच्याकडे मनोहारींचाच सॅक्सोफोन आहे, आणि काय सुंदर आहे! पण ते गाणं ऐकताना कोणी 'पंचम' म्हणत नाही. वादक तोच, वाद्य तेच, तरी माल वेगळा.

दुसरी गोष्ट तर अजून बोलकी आहे. बासू आणि मनोहारी या दोघांनी 'बासू-मनोहारी' या नावाने स्वतः संगीतकार म्हणून काम केलंय. 1976 चा एक सिनेमा आहे, नाव 'सबसे बडा रुपैया'. (आपल्या चॅनलला शोभेल असं नाव!) दोघांची कला तीच, अनुभव दांडगा, ओळखी भरपूर. तरी त्या नावाचा डंका वाजला नाही, मोजके सिनेमे झाले. म्हणजे पंचमच्या खोलीत बसल्यावर जे व्हायचं, ते त्या दोघांच्या खोलीत तसंच होत नव्हतं.

त्या खोलीत पंचम नेमकं काय करायचा? माझ्या मते तीन कामं. सगळ्यांना आवाज सुचवू द्यायचा, त्यातला कुठला ठेवायचा ते ठरवायचा, आणि गाणं पडलं तर शिव्या स्वतः खायचा. चाली तर त्याच्या होत्याच. पण तिसरं काम लोक विसरतात. 1980 च्या दशकाच्या शेवटी त्याच्याकडे काम फार कमी झालं, तेव्हा लोक म्हणाले 'पंचम संपला'. मारुतीराव संपले असं कोणी म्हटलं नाही. नावाची किंमत अशी दोन्हीकडून वसूल होते. '1942: अ लव्ह स्टोरी'चं यश बघायला तो राहिलाच नाही. 4 जानेवारी 1994 ला गेला, फिल्मफेअर नंतर मिळालं.

तर माझं मत स्पष्ट आहे. पदार्थातल्या नव्या चवीचा मोठा वाटा टीमचा असतो. ती चव ओळखणं, निवडणं आणि पडली तर झेलणं हा वाटा मालकाचा. हे दोन वाटे एकाच तराजूत मोजता येत नाहीत, त्यामुळे 'कोण मोठा' या भांडणातून काही निघत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: उद्या हा माणूस गेला, तर माझ्या मालात नेमकं काय कमी होईल?

एका रात्रीत बँड बदलणारा

हा प्रश्न अमेरिकेत एकाने प्रत्यक्ष सोडवून दाखवला. जेम्स ब्राऊन, फंक संगीताचा राजा. शिस्तीचा इतका कडक, की सूर चुकला तर वादकाला दंड. मार्च 1970 मध्ये त्याच्या बँडमधले बहुतेक जण पगार आणि वागणुकीवरून अडून बसले. शो तोंडावर. याने काय करावं? सिनसिनाटीच्या पोरांचा एक बँड विमानाने बोलावून घेतला आणि त्यांनाच स्टेजवर चढवलं. त्यात बूट्सी कॉलिन्स नावाचा 18 वर्षांचा बास गिटारवाला होता.

मालक मंडळी इथे टाळ्या वाजवतात. "बघा, कोणावाचून अडत नाही!" अडलं नाही, खरंय. पण पुढचं ऐका. त्या पोरांमुळे ब्राऊनचा आवाजच बदलला. बास पुढे आला, गाणी वेगळी झाली, गाजली. म्हणजे माणसं बदलली तसा माल बदलला. नशिबाने चांगला बदलला. आणि वर्षभरात बूट्सीही गेला. काही वर्षांनी ब्राऊनचे जुने वादक आणि बूट्सी जॉर्ज क्लिंटनच्या कंपूत एकत्र वाजवत होते. आपण ज्याला 'ट्रेनिंग देऊन तयार केलेली माणसं समोरच्या दुकानात गेली' म्हणतो, ते हेच.

त्याच देशात उलटं उदाहरण ड्यूक एलिंग्टनचं. हा जॅझ बँडवाला पार्ट लिहिताना वाद्याच्या ऐवजी वादकाचं नाव लिहायचा, कारण तो 'ट्रम्पेट'साठी लिहीत नव्हता, त्या माणसासाठी लिहीत होता. त्याच्याकडे 1939 मध्ये बिली स्ट्रेहॉर्न नावाचा तरुण आला. एलिंग्टनच्या बँडची सिग्नेचर ट्यून झालेलं 'टेक द ए ट्रेन' हे एलिंग्टनचं नाहीच, स्ट्रेहॉर्नचं आहे, आणि त्याच्याच नावावर आहे. एवढा मोठा बँड वर्षभर पगारावर ठेवणं परवडत नसे, तेव्हा एलिंग्टन आपल्या रचनांच्या रॉयल्टीतून तोटा भरून काढायचा. ते हात गेले तर पुढची रॉयल्टी येणार कुठून, हे त्याला कळत होतं.

आपल्याकडे बालगंधर्वांनी तर सरळ भागीदारीच केली होती. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बरोबरीने होते. टेंबे थोड्याच वर्षांत बाहेर पडले आणि 'शिवराज' मंडळी काढली. पुढे साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा माणूस, 1916 च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांच्या चाली. लोक तिकीट काढायचे ते नारायणरावांसाठी, पण साथीदार निवडण्यात त्यांनी काटकसर केली नाही. बाकी खर्चातही केली नाही, आणि कंपनी कर्जात बुडाली, तो विषय स्वतंत्र व्हिडिओचा आहे.

मोदक कोणाचा?

आता खरवईत या. आमच्या बॅचमध्ये एक ताई आहेत, टिफिन आणि सणाच्या ऑर्डरी घेतात. ब्रँड त्यांच्याच नावाचा. त्यांच्याकडे तीन वर्षांपासून एक मावशी आहेत. उकडीचे मोदक, पुरणपोळी, सगळं मावशींच्या हातचं. गणपतीच्या तोंडावर मावशी म्हणाल्या, पगार वाढवा, नाहीतर मी माझं सुरू करते. ताई तणतणत क्लासला आल्या. "सर, नाव माझं, कर्ज माझं, फूड लायसन्स माझं, शिव्या मी खायच्या. आणि चव म्हणे तिची!"

मी त्यांना एक कागद दिला. डावीकडे लिहा, मावशी उद्या नसतील तर काय थांबेल. उजवीकडे, तुम्ही नसाल तर काय थांबेल. डावीकडे आलं: मोदकाची पारी, पुरणाचा अंदाज, आणि नारळीभाताच्या वड्या. त्या वड्या मूळ मेन्यूत नव्हत्याच, मावशींनी सुचवल्या होत्या. उजवीकडे: सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप, ॲडव्हान्स, उधारी वसुली, बाजार, डिलिव्हरी, भाव ठरवणं. दोन्ही बाजू भरल्यावर ताई जरा शांत झाल्या. टिफिनच्या पोळ्या लाटायला दुसरी बाई मिळते. त्या शिफ्टवाल्या व्हायोलिनसारख्या, तिथे बाजारभाव द्या, वेळेवर द्या, झालं. पण मावशी म्हणजे त्यांचा मादल होता, आणि मादलाला व्हायोलिनच्या रेटने पैसे मिळत होते.

ठरलं ते असं: रोजच्या टिफिनचा पगार थोडा वाढवला, आणि सणाच्या प्रत्येक ऑर्डरवर नगामागे ठरावीक रक्कम मावशींची. ऑर्डर वाढली की दोघींचं वाढतं. पाकिटावर मावशींचं नाव टाकायचं का, यावर मात्र घरात अजून चर्चा चालू आहे. ताईंच्या सासूबाईंचा विरोध आहे. माझं मत विचाराल तर टाकावं. लोक म्हणतात नाव दिलं की माणूस डोक्यावर बसतो. पंचमच्या तीन सहाय्यकांची नावं पडद्यावर येत होती, बासू-मनोहारींनी बाहेर स्वतःच्या नावाने सिनेमे केले, आणि तरी पंचमच्या टीममध्ये ते होतेच.

माझ्या केक शॉपमध्ये मी एक वही ठेवलीय, साधी, दोनशे पानी. नवा प्रकार निघाला की तारीख, आणि कोणाला सुचलं त्याचं नाव. कारागिराला सुचलं की कारागिराचं, डिलिव्हरीच्या पोराला सुचलं तर त्याचं. दिवाळीला बोनस ठरवताना तीच वही काढतो. फार काही शास्त्रीय नाही, पण 'साहेबांना कुठे आठवतंय' हे वाक्य दुकानात ऐकू येत नाही.

तुमच्याकडे आज एकच माणूस कामाला असेल तरी तो डावा-उजवा कागद करून बघा. आणि करताना त्याला समोर बसवा. ताईंनी एकटीने केला तेव्हा वड्यांची गोष्ट त्यांना आठवलीच नव्हती. ती मावशींनी सांगितली.