अध्यक्षांच्या खुर्चीतली सोळा वर्षं आणि एक मतदान
काँग्रेसची माणसं : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण विधेयकाचा प्रवास पाहिला. आपल्याकडे एखादं विधेयक स्थायी समितीकडे पाठवायचं की नाही, ते पीठासीन अधिकारी ठरवतात. वॉशिंग्टनमध्ये मात्र समितीला वळसा घालून पुढे जाणं फार अवघड असतं आणि बहुतेक विधेयकं समितीतच गारद होतात. त्यामुळे कुठलं विधेयक चर्चेला घ्यायचं आणि कुठलं कपाटात ठेवायचं, हे ज्याच्या हाती तो समितीचा अध्यक्ष तिथे बडा माणूस असतो. ही सत्ता कशी कमावली जाते आणि कशी जाते, हे समजून घ्यायला मिशिगनचे जॉन डिंगेल यांच्याइतका बोलका दाखला क्वचितच सापडेल.

डिसेंबर १९५५ ते जानेवारी २०१५ अशी ५९ वर्षं ते प्रतिनिधिगृहात होते. अमेरिकी काँग्रेसच्या इतिहासात एवढी सलग कारकीर्द दुसऱ्या कुणाचीच नाही. अकरा राष्ट्राध्यक्ष त्यांच्यासमोर आले नि गेले. सभागृह तर त्यांना पोरवयापासून ठाऊक होतं. वडील, थोरले जॉन डिंगेल, १९३३ पासून खासदार होते आणि मुलगा तिथेच निरोप्याचं काम करायचा. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी रूझवेल्ट यांनी युद्धाची घोषणा मागितली, तेव्हा हा पंधरा वर्षांचा मुलगा एका रेडिओ निवेदकाच्या ध्वनिमुद्रण यंत्रापाशी होता. भाषण संपल्यावर यंत्र बंद करायचं होतं. त्यानं ते चालूच ठेवलं, आणि पुढची चर्चा, युद्धाला एकटीनं विरोध करणाऱ्या जनेट रँकिन यांच्यासकट, ध्वनिमुद्रित झाली.

वडील १९५५ मध्ये वारले आणि पोटनिवडणुकीत मुलगा निवडून आला. वारशात जागेसोबत एक अपुरं कामही मिळालं. राष्ट्रीय आरोग्य विम्याचं विधेयक वडिलांनी १९४३ मध्ये सिनेटर वॅग्नर आणि मरे यांच्यासोबत मांडलं होतं. ते काही मंजूर झालं नाही. धाकट्या डिंगेल यांनी सभागृहाच्या दर नव्या मुदतीच्या सुरुवातीला तसं विधेयक मांडण्याचा नेम धरला. १९६५ मध्ये ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेचं विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, तेव्हा कामकाज चालवायला तेच बसले होते. त्या वेळचा लाकडी हातोडा त्यांनी जपून ठेवला. २०१० मध्ये ओबामांच्या आरोग्यसेवा कायद्यावर मतदान झालं, तेव्हा सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या हातात तोच हातोडा होता.

डिंगेल यांचा खरा दरारा मात्र ऊर्जा व वाणिज्य समितीत होता. १९८१ ते १९९५ आणि पुन्हा २००७-०८ मध्ये ते तिचे अध्यक्ष होते. ऊर्जा, आरोग्य, दूरसंचार, पर्यावरण, ग्राहकहित असं सगळं तिच्या कक्षेत. कक्षा कुठवर, असं कुणी विचारलं की ते भिंतीवरच्या पृथ्वीच्या छायाचित्राकडे बोट दाखवत, असं सांगतात. मजकूर तुम्ही लिहा, नियम मला लिहू द्या, दर वेळी तुम्हालाच चीत करीन, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य वॉशिंग्टनमध्ये आजही ऐकवलं जातं.

चौकशीच्या उपसमितीचं अध्यक्षपदही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. सरकारी खात्यांना त्यांची पत्रं जात. त्यांत प्रश्नांची रांग असे आणि उत्तराची मुदत दिलेली असे. अधिकारी या पत्रांना धास्तीनं ‘डिंगेलग्राम’ म्हणत. १९८५ मध्ये जनरल डायनॅमिक्स या संरक्षण कंपनीनं एका अधिकाऱ्याच्या कुत्र्याला सांभाळायला ठेवल्याचा खर्चही संरक्षण खात्याच्या बिलात लावल्याचं सुनावणीत बाहेर आलं. जेनेरिक औषधांना परवानगी देण्यात होणारी लाचखोरीही याच उपसमितीनं उघडी पाडली.

पण हीच ताकद निरपराधांवरही कोसळू शकते. नोबेलविजेते डेव्हिड बाल्टिमोर यांच्या सहकारी थेरेझा इमानिशी-कारी यांच्यावर संशोधनात खोटेपणा केल्याचा आरोप झाला. उपसमितीनं त्यांच्या प्रयोगवह्या थेट सीक्रेट सर्व्हिसकडून तपासून घेतल्या. बाल्टिमोर यांना रॉकफेलर विद्यापीठाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. १९९६ मध्ये अपील मंडळानं इमानिशी-कारी यांना निर्दोष ठरवलं, पण तोवर त्यांची दहा वर्षं त्यातच गेली होती.

मतदारसंघाचं भान हे डिंगेल यांचं बळ होतं, तीच त्यांची मर्यादाही. डेट्रॉइटच्या परिसरातला हा मोटारींचा मुलूख. फोर्डचं मुख्यालय डीअरबॉर्नला. १९७३ चा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा ज्यांनी पुढाकार घेऊन घडवला, तेच डिंगेल मोटारींच्या धुरावरचे कडक नियम १९८० च्या दशकभर समितीत अडवून धरत होते. त्यांचा सामना होता त्यांच्याच पक्षाच्या, त्यांच्याच समितीतल्या, कॅलिफोर्नियाच्या हेन्री वॅक्समन यांच्याशी. अखेर दोघांत तडजोड झाली आणि १९९० मध्ये स्वच्छ हवेचा सुधारित कायदा आला.

हिशेब पुरा झाला तो नोव्हेंबर २००८ मध्ये. पूर्वी अध्यक्षपद निव्वळ ज्येष्ठतेनं मिळे आणि मरेपर्यंत टिके. वॉटरगेटनंतर १९७४ मध्ये निवडून आलेल्या तरुण डेमोक्रॅट्सनी ही रीत मोडली. १९७५ मध्ये पक्षाच्या बैठकीत गुप्त मतदान घेऊन तीन बुजुर्ग अध्यक्षांना घरी बसवलं गेलं. वॅक्समन त्याच तुकडीतले. तेहतीस वर्षांनी त्यांनी तोच नियम डिंगेल यांच्यावर चालवला आणि १३७ विरुद्ध १२२ मतांनी अध्यक्षपद घेतलं. नियमांच्या जोरावर सगळ्यांना नमवणारा माणूस अखेर नियमानंच हरला.

तरीही ते आणखी सहा वर्षं सभागृहात राहिले, आणि २०१४ मध्ये पत्नी डेबी त्याच जागेवरून निवडून आल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी डिंगेल वारले. त्यांची कारकीर्द पाहताना एक हिशेब मांडावाच लागतो. ज्येष्ठतेतून अनुभव येतो, खात्यांना उत्तरं द्यायला लावणारा वचक येतो; त्याच ज्येष्ठतेतून एका मतदारसंघाचं हित देशाच्या हवेपेक्षा मोठं करण्याची सोयही होते. रिपब्लिकनांनी १९९५ मध्ये समिती-अध्यक्षांना सहा वर्षांची मर्यादा घातली. त्यामुळे मक्तेदारी मोडली, पण खात्याची नस ओळखणारे अध्यक्षही दुर्मीळ झाले आणि सूत्रं सभापतींच्या हाती गेली.

ही सूत्रं सभापतींच्या हाती आल्यावर पुढे काय घडलं, हे पुढच्या आठवड्यात.