झिजलेल्या नाण्याचे मोल

नाहूर, भांडुप, मुलुंडच्या कामगार वस्त्यांत अनेक घरी ट्रंकेच्या तळाशी नाण्यांची एखादी डबी असते. आजीचा राणीछाप रुपया, भोकाचा पैसा आणि १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेले एक रुपयाचे नाणे. हल्ली मोबाईलवर ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती येतात आणि ती डबी बाहेर निघते. नाणे बहुधा झिजलेले, वाकलेले किंवा कडी लावलेले असते. अशा नाण्याचे मोल किती, असे आम्हांला वारंवार विचारले जाते.

नाण्याला तीन किमती असतात. एक त्यावर छापलेली, दुसरी त्यातील धातूची आणि तिसरी संग्राहक देतो ती. खराबी मुख्यतः तिसऱ्या किमतीला मारते. १८३५ ते १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. आजीने त्याला कडी डागून गळ्यात घातला असेल तर संग्राहकाला तो नको असतो, पण चांदीची किंमत उरतेच. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मी. १९४७ चा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. एवढे माहीत असले तरी निम्मी फसवणूक टळते.

खराबी टांकसाळीत झाली की बाहेर, हेही पाहावे. भोकाच्या पैशाचे भोक ही खोट नव्हे. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून सरकारनेच तसा पैसा पाडला. ठसा एका बाजूला सरकला असेल तर ती टांकसाळीची चूक, आणि संग्राहक तिला जादा किंमत देतात. पण घरी खिळ्याने पाडलेले भोक, हातोडीचा घाव, कातरलेली कड, ही निव्वळ नासाडी.

माता-भगिनींना आमची खास विनंती. जुने नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नका. वर्षानुवर्षांचा काळपट थर हीच जुनेपणाची खूण असते. चकचकीत केलेल्या नाण्यावर ओरखडे उठतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

मात्र प्रत्येक घाव किंमत घालवतोच असे नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर कमानींचा डोंगर उमटला आहे. काहीजण त्याला चैत्य म्हणतात. म्हणायला ही नाणी विद्रूपच. पण सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडली याचा पुरावा याच विद्रूपतेत आहे. याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांतील भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. ते लेखात कोरलेले आजही वाचता येते.

गावी घराचा पाया खणताना असे धन सापडले, तर ते वाटून घेऊ नका, वितळवू नका. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

आता जाहिरातींविषयी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर बजावले आहे की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही. तेव्हा ‘आधी कर भरा, मग लाख मिळतील’ असे सांगणारा ठगच समजा. घामाचा पैसा त्याच्या हाती देऊ नका. विकायचेच असेल तर दोन-तीन जाणकारांना नाणे दाखवा, भाव एकमेकांशी ताडून पाहा.

राहिले ते १९९० चे नाणे. ते तांबे-निकेलचे असून मोठ्या संख्येने चलनात आले होते. झिजलेल्या प्रतीला बाजारात फारसा भाव नाही. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांची प्रतिमा त्या रुपयावर आहे, ही गोष्ट मुलांना सांगा. ते नाणे घरात कोणी, कधी आणले हे आजी-आजोबांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद डबीतच ठेवा.