बृहत् आराखडा आणि कारधा
वैनगंगेच्या एका तीरावर भंडारा, दुसऱ्या तीरावर कारधा. कारध्याची मुले भंडाऱ्यातील महाविद्यालयांत जातात ती पूल ओलांडून. विद्यापीठ तर थेट नागपुरात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठाने पंचवार्षिक बृहत् आराखडा सिद्ध करावयाचा असून, त्याच्याशी विसंगत अशा नव्या महाविद्यालयाचा अर्ज विचारात घेतला जात नाही. वशिल्याने महाविद्यालये उगवू नयेत, हा हेतू स्तुत्यच. परंतु उपेक्षित भागांच्या गरजा पाहा, असेही हाच कायदा बजावतो. त्या गरजा नागपूर-मुंबईच्या कचेऱ्यांत बसून कशा कळाव्यात? आराखड्यापूर्वी नदीपलीकडच्या शिक्षक-पालकांना विचारलेच पाहिजे. अन्यथा नियोजन म्हणजे केवळ नकाराचे निमित्त ठरेल.