घोट्याच्या संधिबंधनाचा मागोवा

झिजलेल्या सांध्यातील उरलीसुरली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, खरवडून दोन हाडे कायमची एकजीव करणे, याला संधिबंधन किंवा रूढ भाषेत फ्यूजन म्हणतात. त्यात सांध्याची हालचाल जाते आणि तिच्याबरोबर वेदनाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नातील एड्वर्ड आल्बर्ट यांनी घोट्यावर ही शस्त्रक्रिया केली ती लुळ्या पडलेल्या पायांसाठी. १९२३ मध्ये एडविन रायर्सन यांनी मांडलेले टाचेभोवतीच्या तीन सांध्यांचे बंधनही पुढे अनेक दशके मुख्यतः पोलिओग्रस्तांच्याच वाट्याला आले. १९५१ मध्ये जॉन चार्नली यांनी हाडांची टोके बाहेरून दाबून धरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता ते काम स्क्रू, पट्ट्या किंवा टाचेतून नडगीत घातलेली सळई करते. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि या शस्त्रक्रियेचा रुग्णही बदलला, कारण गुडघ्याप्रमाणे घोटा केवळ वयाने झिजत नाही, तर बहुधा जुन्या अस्थिभंगामुळे झिजतो.

बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर काय किंवा घाटाखालच्या पूर्णेच्या काळ्या जमिनीत काय, या बदलाचा विचार शेतातील पावलापासून करावा लागतो. घोटा काटकोनात बांधला की सपाट रस्त्यावर चालणे बरेच सुधारते. पण निंदणासाठी उकिडवे बसताना नडगी पुढे झुकावी लागते, ती झुकत नाही. टाचेखालचा सांधाही बांधला, तर ढेकळांवर पाऊल डावीउजवीकडे कलून जमीन धरू शकत नाही. बूट घालून खुर्चीत बसणाऱ्या रुग्णाला हे नुकसान फारसे जाणवणार नाही, शेतमजुराची मात्र त्यात रोजी जाऊ शकते. म्हणून निरोगी सांधा शक्यतो मोकळा ठेवण्याचा आग्रह येथे अधिक रास्त ठरतो. शिवाय बांधलेल्या सांध्याचा ताण शेजारच्या सांध्यांवर पडून तेही कालांतराने झिजतात.

उपचारांची वाट दीर्घकाळ जिल्ह्याबाहेरच जात असे. नागपूरला १९४७ मध्ये, औरंगाबादला १९५६ मध्ये आणि अकोल्याला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले; बुलडाण्याला ते २०२४ मध्ये मिळाले. दरम्यान २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यभर लागू झाल्याने मोठ्या शस्त्रक्रियांच्या खर्चाचा भार काही अंशी हलका झाला. हाडे जुळेपर्यंत मात्र साधारण तीन महिने लागतात, त्यांतील पहिले काही आठवडे पायावर भार देता येत नाही आणि तंबाखू सुटली नाही तर जुळणी फसण्याचा धोका वाढतो; त्यामुळे पेरणीच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया ठरवताना रुग्णाच्या घरचे काम कोण सांभाळणार, हेही डॉक्टरांनी विचारणे आवश्यक आहे.