दीड का अडीच?



गेल्या रब्बीत कांद्यावरील फुलकिड्यांच्या फवारणीची माहिती मी मोबाइलवर बोलून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला पाठवली. दोन दिवसांनी पारनेर तालुक्यातून एका कांदा बागायतदारांचा फोन आला. "साहेब, दहा लिटरला दीड मिली म्हणालात का अडीच?" मी स्वतः पुन्हा ऐकले. बोलता बोलता बाटलीवरचे लेबल वाचायला मान वळवली होती, आणि नेमका आकडा तोंडातल्या तोंडात गेला होता. त्यांनी विचारले म्हणून कळले. न विचारता अडीच ओतणारे किती असतील, याचीच काळजी लागली.

आता गावोगाव बचत गट, शेतकरी गट अशी बोलकी माहिती पाठवतात, म्हणून हे लिहितो. आवाज दुरुस्त करण्यासाठी संगणकावर ऑडॅसिटी नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. २००० साली ते प्रथम लोकांच्या हाती आले. त्यात 'अ‍ॅम्प्लिफाय' हा आदेश दिला की सगळा आवाज सारख्याच पटीने वाढतो. सहा डेसिबल वाढवले म्हणजे ध्वनिलहरीची उंची दुप्पट होते. मात्र किती वाढवायचे हे तो सर्वांत मोठ्या आवाजावरून सुचवतो. माझ्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीलाच खोकला होता! मग खोकल्याचेच माप धरले गेले आणि आकडा होता तिथेच राहिला. बळेच वाढवावे तर मोठ्या आवाजाचे शेंडे कापले जातात व आवाज फाटतो. पाटाला एकदम पाणी वाढवले तर उंचावरच्या वाफ्यात पोचण्याआधी सखलातले वाफे फुटतात, त्यातलाच हा प्रकार.

यावर उपाय दारे धरण्याचा. आधी खोकला कापून टाकावा. मग 'एन्व्हलप' हे साधन घेऊन, आवाजाची जी नागमोडी रेघ दिसते तिच्यावर पडलेल्या शब्दाच्या आधी, शब्दावर आणि नंतर टिंबे द्यावीत व तेवढाच भाग वर ओढावा. हे काम किचकट आहे, पण हमखास. २०२४ च्या ३.६ आवृत्तीत नवा 'कॉम्प्रेसर' आला आहे. तो मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातले अंतर कमी करतो. ऐकता ऐकता कमी-जास्त करता येतो आणि किती दाबला जातो ते आलेखावर दिसते. पूर्वीसारखे लावा, ऐका, रद्द करा, असे करावे लागत नाही. तरी माझ्या मते एका शब्दासाठी एन्व्हलपच बरा.

एक ध्यानात घ्यावे: शब्द वाढवला की त्याच्यामागची मोटारीची घरघरही वाढते. म्हणून बोलताना मोटार, पंखा बंद ठेवावा, मोबाइल तोंडापासून वीतभर धरावा, आकडा दोनदा उच्चारावा आणि खाली लिहूनही पाठवावा.

दुरुस्त केलेले बोलणे मी आधी त्या बागायतदारांनाच पाठवले. त्यांनी ते आपल्या कमी ऐकू येणाऱ्या आईंना ऐकवले. आई म्हणाल्या, "दीड."